सहाव्या दिवशी बिलिरुबिन अडलंय, लिव्हर काम करतंय का?

तुमच्या बाबांना मेंदूमृत दात्याचं लिव्हर बसवून आज सहावा दिवस. एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम) १५०० वरून २८० वर आलं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.४ झाला, पण बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, दोन दिवस ६.८ वरच अडलंय, म्हणून तुम्ही घाबरलात. मी डॉक्टर नाही. २०१८ मध्ये माझ्या मिस्टरांचं ट्रान्सप्लांट नवी मुंबईत झालं. ठाण्याहून रोज ट्रान्स-हार्बर लोकल पकडून मी जायचे आणि हे सगळे आकडे वहीत उतरवून घ्यायचे.

एसजीपीटी आणि त्याच्या जोडीचं एन्झाइम एसजीओटी, यांवरून लिव्हरला मार किती बसला ते कळतं. थंड पेटीतून आलेल्या लिव्हरला पुन्हा रक्त मिळालं की ते दुखावतंच. आकडा चढतो, मग उतरतो. काम कळतं ते आयएनआरवरून. रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं आणि त्यातला एखादा तर काही तासांतच संपत येतो, म्हणून ते रोज नव्याने बनले तरच आयएनआर खाली येतो. मात्र प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग, त्यात हे घटक तयारच असतात) चढवला होता का, ते सिस्टरना नक्की विचारा. चढवला असेल तर त्या दिवशीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. अल्ब्युमिन हे प्रोटीनही लिव्हरच बनवतं, पण त्याकडे आत्ता बघूच नका, ते बाहेरूनही देतात.

बिलिरुबिन सावकाश उतरतं. सातव्या दिवशी बिलिरुबिन १० किंवा जास्त, आयएनआर १.६ किंवा जास्त, किंवा पहिल्या सात दिवसांत एसजीओटी-एसजीपीटी २००० च्या वर, यातलं एकही असलं तर लिव्हरची सुरुवात अडखळली असं डॉक्टर धरतात. अशा पेशंटवर जास्त बारीक नजर ठेवतात, पण लिव्हर गेलं असा त्याचा अर्थ नाही. आमचं बिलिरुबिन सातव्या दिवशी ११.२ होतं. मी वॉर्डबाहेर बाकावर वही मांडीवर घेऊन रडले होते. ते उतरायला तीन आठवडे लागले.

उतरलेले आकडे पुन्हा चढू लागले तर मात्र गप्प बसू नका. रिजेक्शन (शरीराने नवं लिव्हर नाकारणं) असेल, पित्तनलिकेत गळती किंवा अडथळा असेल, नाहीतर धमनीत गुठळी. पित्तनलिका जगते ती धमनीच्या रक्तावर, म्हणून सुरुवातीला डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) वारंवार करतात. आज केला का आणि धमनीचा प्रवाह कसा आहे, हे राउंडला स्पष्ट विचारा. ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीतलं पाणी हिरवट-पिवळं, म्हणजे पित्तासारखं, दिसलं तर लगेच दाखवा.

घरी आल्यावरचं एक आत्ताच सांगून ठेवते. टॅक्रोलिमस हे रिजेक्शन टाळायचं औषध, त्याच्या लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं. आम्ही एकदा गोळी देऊन लॅबमध्ये गेलो, लेव्हल भलतीच जास्त आली आणि डोस कमी होता होता राहिला. तेव्हापासून रक्त दिल्यावरच गोळी, डबी माझ्या पर्समध्ये.

उद्याचा आयएनआर, बिलिरुबिन आणि डॉपलरचा रिपोर्ट इथे लिहा. मी सकाळी बघते.