कूर्चेतल्या पेशी मेल्या, म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न: माझं वय ६१. गुडघ्याचा एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, ‘कूर्चेतल्या पेशी मेल्यात, त्या काही परत यायच्या नाहीत.’ तेव्हापासून पाऊल टाकतानाही भीती वाटते, की चालून चालून उरलेल्याही मरतील. पेशी मेल्या म्हणून कूर्चा झिजते, की कूर्चा झिजली म्हणून पेशी मरतात?

उत्तर: एक्स-रेमध्ये पेशी दिसत नाहीत. खरं तर कूर्चाही, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरणही, दिसत नाही. दोन हाडांमधली फट दिसते आणि ती अरुंद झाली की कूर्चा पातळ झाली असं आपण धरून चालतो. पेशी बघायच्या तर कूर्चेचा पातळ काप घेऊन, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. तेच माझं काम. सांधे बदलताना काढलेली हाडं बरीच वर्षं माझ्या टेबलावर येत आली आहेत, तेव्हा जे दिसतं ते सांगते.

निरोगी कूर्चेचा काप सॅफ्रनिन-ओ नावाच्या रंगात घातला की छान लाल होतो. त्यात पेशी अगदी विरळ असतात, एकूण आकारमानाच्या जेमतेम दोनेक टक्के. बाकी सगळं पाणी, कोलॅजनचे धागे आणि ते पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रिकॅन. हा सगळा पसारा त्या मूठभर पेशींनीच उभा केलेला आणि सांभाळलेला असतो. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. सांध्यातल्या द्रवातून झिरपत येईल तेवढ्यावर पेशींनी भागवायचं. प्रौढपणी त्या सहसा विभागत नाहीत, त्यामुळे गेलेल्या पेशीची जागा भरून निघत नाही. इथपर्यंत तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

झिजलेल्या कूर्चेत लाल रंग वरच्या थरापासून उडत जातो, पृष्ठभागाला चिरा पडतात आणि पेशींच्या काही पोकळ्या रिकाम्या दिसतात. तिथल्या पेशी गेल्या. पण त्याच कापात, चिरांच्या काठाला, एकेका पोकळीत पाच-सात पेशी दाटीवाटीने बसलेल्या सापडतात. नुकसान भरून काढायची ती धडपड असते, बहुतेकदा वाया जाणारी. कूर्चा किती बिघडली हे गुण देऊन ठरवायच्या, १९७१ पासून वापरात असलेल्या मॅन्किन यांच्या पद्धतीत आधी पेशी वाढणं, मग त्यांचे झुबके होणं आणि शेवटी त्या कमी होणं अशा चढत्या पायऱ्या आहेत. पेशींची उणीव सर्वात वरच्या पायरीवर येते, आजाराच्या सुरुवातीला नव्हे.

मग किती पेशी मरतात? यावर संशोधकांमध्ये चांगलीच जुंपली होती. पेशी स्वतःच ठरावीक क्रमाने मोडीत निघते त्या प्रक्रियेला १९७२ मध्ये कर, वायली आणि करी यांनी अपॉप्टोसिस हे नाव दिलं. नव्वदच्या दशकात झिजलेल्या कूर्चेत ती शोधायला सुरुवात झाली. कुणाला निम्म्या पेशी मरणाच्या वाटेवर दिसल्या, तर कुणाला शंभरात एकही धड सापडेना. गोम तपासणीच्या रंगात होती. तो तुटलेल्या डीएनएला चिकटतो. पेशी अपॉप्टोसिसने मेली, इजेने मेली, की आमच्याच हातून नमुना हाताळताना बिघडली, हे त्याला कळत नाही. माझा कल लहान आकड्यांकडे आहे. मात्र लहान आकडा म्हणजे किरकोळ गोष्ट असं समजू नका. इतर अवयवांत मेलेल्या पेशींचे अवशेष भक्षक पेशी झटपट खाऊन टाकतात. कूर्चेत त्या पोचतच नाहीत. अवशेष तिथेच पडून राहतात आणि त्यांवर कॅल्शियमचे कण जमू शकतात. हळूहळू होणारे मृत्यूही मग वर्षानुवर्षं साठत जातात.

कारण की परिणाम, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे, पण ते दोन्ही सारख्या वजनाचे नाहीत. भोवतालचा आधार विरघळला की पेशी तगत नाही आणि पेशी गेली की आधाराची डागडुजी थांबते. तरी २०१६ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मला फार बोलका वाटतो. कूर्चेच्या वरच्या थरातल्या पेशी मुद्दाम मारल्या, मग सांध्याला इजा केली. कूर्चेची नासधूस वाढायला हवी होती. ती उलट कमी झाली. कारण कूर्चा कुरतडणारी एमएमपी-१३ आणि अ‍ॅडॅम्टीएस-५ ही विकरं (एन्झाइम) तयार होतात जिवंत पेशींतच. मेलेली पेशी काही बांधत नाही, पण पाडतही नाही. बिथरलेली जिवंत पेशी जास्त घातक.

आता तुमच्या भीतीबद्दल. बेताचा, लयीत पडणारा भार पेशींना पोषक असतो. स्पंज दाबून सोडावा तसं कूर्चेतलं पाणी बाहेर जातं, आत येतं आणि त्यात पेशींचं अन्नही हलतं. सांधा महिनोन्‌महिने जखडून ठेवला तर कूर्चा पातळ होते. तेव्हा चाला. आणि कूर्चेला नसा नाहीत हे लक्षात असू द्या. तुमचं दुखणं हाडातून, सांध्याच्या अस्तरातून येतं. प्रत्येक कळ म्हणजे एक पेशी गेली असा हिशोब मांडू नका.

प्रश्न: वय २६. अपघातात घोट्याचं हाड थेट सांध्याच्या आतपर्यंत मोडलं. पुढे सांधा झिजण्याचा धोका आहे म्हणतात. पेशी मरू नयेत म्हणून एखादं औषध आहे का?

उत्तर: तुमच्या बाबतीत मात्र पेशींचा मृत्यू आधी येतो. जोराच्या आघाताने भेगेच्या काठावरच्या पेशी लगेच, काही तासांतच मरतात. पुढच्या काही दिवसांत शेजारच्या पेशी अपॉप्टोसिसने जातात. सांध्यात साचलेलं रक्त त्यात भर घालतं. हा दुसरा टप्पा अडवायचा प्रयत्न सशांवर झाला आहे. अपॉप्टोसिस घडवणारी कॅस्पेज विकरं औषधाने रोखली तेव्हा कूर्चेचं नुकसान कमी झालं, पूर्ण टळलं नाही. माणसांसाठी असं मान्यताप्राप्त औषध आज नाही. तुमच्या हाती आहे ते साधं, पण महत्त्वाचं: सांध्याचा पृष्ठभाग शस्त्रक्रियेत नीट जुळलेला असणं, आणि भार कधी, किती टाकायचा याबाबत सर्जनचं ऐकणं. मोडलेले तुकडे वरखाली जुळून पृष्ठभागात पायरी राहिली तर तिथे दाब एकवटतो आणि वाचलेल्या पेशीही भरडल्या जातात.

प्रश्न: थकलेल्या पेशी मारून गुडघा बरा करणारं इंजेक्शन आल्याचं वाचलं. खरं आहे का?

उत्तर: कल्पना चांगली आहे. विभागणी कायमची थांबलेल्या, पण दाह पसरवत राहणाऱ्या पेशी निवडून मारायच्या. उंदरांत फायदा दिसला. माणसांच्या गुडघ्यात अशा एका औषधाची चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला, तेव्हा १२ आठवड्यांनी वेदनेत औषध आणि खोटं इंजेक्शन यांत फरक नव्हता. कुणी आजच असं इंजेक्शन देऊ करत असेल, तर कोणत्या चाचणीचा आधार आहे ते लेखी मागा.

प्रश्न: सांध्यात बधिर करणारं औषध टोचल्याने कूर्चा मरते का?

उत्तर: बुपिव्हाकेनसारखी औषधं प्रयोगशाळेत कूर्चेच्या पेशी मारतात, मात्रा आणि वेळ वाढेल तसं जास्त. शस्त्रक्रियेनंतर पंप लावून ती सांध्यात सतत सोडली गेली तेव्हा काही रुग्णांची, मुख्यतः खांद्याची, कूर्चा झपाट्याने विरघळली. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. एखाद्या वेळच्या इंजेक्शनाची गोष्ट वेगळी, तेवढ्याने असं होत असल्याचं दिसलेलं नाही. पण त्याच सांध्यात ते वारंवार घ्यायचं ठरत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.