मित्रांसोबत सहा देशांवरून उड्डाण: विमान विकत घ्यावे की भाड्याने?

सप्रेम नमस्कार.

आपले वय 51 असून निवृत्तीला नऊ वर्षे आहेत. खासगी वैमानिकाचा परवाना आपल्याकडे आहे आणि तिघा मित्रांना घेऊन सहा देशांतून सुमारे 5,000 किलोमीटरचा फेरा करण्याची इच्छा आहे. त्यासाठी आपण व एक मित्र मिळून जुने सेसना 172 हे चार आसनांचे, एका इंजिनाचे छोटे विमान घेणार, आपला अर्धा हिस्सा निवृत्तीनिधीच्या पाचव्या भागातून भरणार आणि इंधनाचा सगळा खर्च उरलेल्या दोघांनी उचलावा, असा बेत आपण कळवला आहे. प्रवास जरूर करावा, पण विमान विकत घेऊ नये आणि इंधनाची ही वाटणी तर मुळीच ठेवू नये, असे माझे मत आहे.

विमानाचे इंजिन 1,700 तास चालले आहे, हे आपण पत्राच्या शेवटी ओघात लिहिले आहे. मी हिशेबाला तिथूनच सुरुवात केली. या विमानातील लायकॉमिंग इंजिनाचे ओव्हरहॉल, म्हणजे ते पूर्ण उघडून करायची दुरुस्ती, साधारणपणे 2,000 तासांनी करावे, अशी निर्मात्याची शिफारस असते. आपण दोघे वर्षाला प्रत्येकी 100 तास उडालात, तर उरलेले 300 तास दीड वर्षात संपतील आणि ओव्हरहॉलचा अर्धा खर्च नेमका आपल्या निवृत्तीनिधीवर येऊन पडेल. हँगरचे (विमान ठेवण्याच्या शेडचे) भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी यांचे पैसे तर विमान जागेवर उभे असले तरी द्यावेच लागतात. याउलट वळसे धरूनही हा प्रवास 30 तासांच्या आसपासचा आहे. ताशी 35 लिटर धरले तर जेमतेम हजारभर लिटर इंधन लागेल. तीस तासांच्या गरजेसाठी वर्षानुवर्षांचा खर्च गळ्यात बांधून घेण्याचे कारण मला दिसत नाही.

भाड्याने घेताना मालकाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. विमान देशाबाहेर नेता येईल का, न उडालेल्या दिवसांसाठी किमान तासांची आकारणी आहे का, आणि भाड्यात इंधन धरलेले असल्यास वाटेत भरलेल्या इंधनाचे पैसे कोणत्या दराने परत मिळतील? ही परतफेड बहुधा मूळ विमानतळाच्या दरानेच होते, त्यामुळे दरातील फरक आपल्यालाच सोसावा लागतो.

आता वाटणीबद्दल. ‘विमान आमचे, इंधन तुमचे’ हे मित्रांमध्ये न्याय्य वाटते. परंतु खासगी परवान्यावर उडणाऱ्याला प्रवाशांकडून मोबदला घेता येत नाही. अमेरिकेच्या नियमानुसार इंधन, तेल, विमानतळ शुल्क आणि विमानभाडे यांतील आपला समान वाटा वैमानिकाने स्वतः भरलाच पाहिजे. युरोपमध्येही खर्च वाटून घेता येतो, पण वैमानिकाला त्यातून अंग काढून घेता येत नाही. आपले विमान जिथे नोंदलेले असेल तिथला नियम आधी पाहावा, कारण नियमभंग ठरला तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. चौघांनी समान चार वाटे करावेत आणि ते कागदावर लिहून सह्या कराव्यात.

आपल्या अंदाजपत्रकात आणखी एक जागा सुटली आहे. नव्या 172 मध्येसुद्धा टाक्या पूर्ण भरल्यावर माणसे आणि सामान मिळून सुमारे 250 किलोच वजन चालते. चार प्रौढ आणि त्यांच्या बॅगा त्यात मावणार नाहीत. म्हणजे इंधन कमी भरावे लागेल, टप्पे लहान होतील, उतरणे वाढेल आणि प्रत्येक थांब्यावर लँडिंग, पार्किंग व हँडलिंगचे शुल्क पडेल. शिवाय या इंजिनाला लागणारे अॅव्हगॅस, म्हणजे विमानाचे पेट्रोल, सगळीकडे मिळत नाही. अनेक विमानतळांवर फक्त जेट ए-1 हे जेट विमानांचे इंधन असते आणि अॅव्हगॅसची पिंपे आगाऊ मागवून ठेवावी लागतात.

विम्याच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. विमानाच्या पॉलिसीत सहाही देश नावानिशी आहेत का, प्रवाशांचे आणि त्रयस्थांचे दायित्व किती रकमेपर्यंत आहे, हे पाहावे. त्याचबरोबर आपला मुदतविमा आणि अपघात विमा बाहेर काढून त्यांतील अपवादांचे कलम वाचावे. नियमित विमानसेवेचा तिकीटधारी प्रवासी वगळता अन्य उड्डाणांना संरक्षण नाही, असे वाक्य अनेक पॉलिसींत असते. ते आपल्या पॉलिसीत निघाले, तर जादा हप्ता भरून लेखी संरक्षण मिळेपर्यंत निघू नये. आपल्या कुटुंबाची सारी भिस्त त्या रकमेवर आहे.

शेवटची तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि आपल्या कागदावर नेमकी तीच नाही. प्रवास अर्ध्यावर सोडावा लागला, तर चौघांची परतीची नियमित विमानाची तिकिटे, विमान तिथेच ठेवण्याचे पार्किंग, आठवडाभर मुक्काम आणि ते परत आणणाऱ्या वैमानिकाचा मेहनताना, एवढी रक्कम वेगळ्या खात्यात असावी. ढग खाली उतरलेले असताना ‘आज निघालो नाही तर पैसे बुडतील’ हा विचार ज्याच्या डोक्यात असतो, तो वैमानिक न उडण्याच्या दिवशीही उडतो. ही रक्कम आपल्या निवृत्तीनिधीतून किंवा आपत्कालीन निधीतून काढू नये. पुढील 18 महिने चौघांनी दरमहा समान भर घालून ती उभी करावी, आणि ती पूर्ण जमल्यावरच भाडेकरारावर सही करावी.