लॉगिन स्क्रीनवर एनव्हीडीएचा आवाज बदलतो? बटण कोणाच्या खात्यातून दाबलं ते आधी बघा

ऑफिसच्या मशीनवर लॉगिन करताना एनव्हीडीए (पडद्यावरचं आपल्याला वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) भलत्याच आवाजात बोलतो, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं ऑफिस आठवलं. लक्षणं तीच. आत गेल्यावर एनव्हीडीए आपल्या आवाजात, आपल्या वेगात बोलतो. लॉगिन स्क्रीनवर मात्र भलताच आवाज रेंगाळत इंग्रजी वाचतो, वर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. आयटीवाल्यांनी 'सेटिंग करून दिलंय' म्हणूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिथेच गोम आहे.

एनव्हीडीए इन्स्टॉल करणं, व्हॉइस निवडणं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. लॉगिनच्या वेळी तुमचं खातं उघडलेलंच नसतं, म्हणून तिथे तुमची सेटिंग्ज लागू होत नाहीत. पासवर्डचा घोळही बहुधा यातलाच. तिथे मूळ सेटिंग चालतं, आणि त्यात कॅप्स लॉक ही एनव्हीडीए-की (एनव्हीडीएला आज्ञा देताना दाबायची की) नसते. लॅपटॉपवर आपण सवयीने ती दाबतो, तिथे खरोखरच कॅपिटल अक्षरं सुरू होतात, आणि त्या अनोळखी आवाजातलं 'कॅप्स लॉक ऑन' ऐकूनही निसटतं. पुढे नुसतं स्टार, स्टार, स्टार.

यावरचं बटण जनरल सेटिंग्जमध्ये आहे: 'यूज करंटली सेव्ह्ड सेटिंग्ज ड्युरिंग साइन-इन अँड ऑन सिक्युअर स्क्रीन्स'. त्याला ऍडमिन अधिकार लागतात, आणि ऑफिसच्या मशीनवर ते आपल्याकडे नसतात.

आमच्याकडचा माणूस आला, माझं खातं बंद केलं, स्वतःच्या ऍडमिन खात्यात शिरला, तिथून बटण दाबलं आणि 'झालं' म्हणून गेला. पण हे बटण ज्या खात्यातून दाबाल त्याचीच सेटिंग्ज उचलतं. त्याच्या खात्यात एनव्हीडीए कोरा होता, तोच लॉगिनवर जाऊन बसला. हे समजावून सांगितलं तर उत्तर काय, 'मॅडम, तेवढ्यासाठी आवाज कशाला? शेजारच्यांना सांगा, ते पासवर्ड टाकून देतील.' पासवर्ड कोणालाही सांगू नका ही सूचना त्याच विभागाची! असो.

तर त्यांना तुमच्याच खात्यात, तुमच्या शेजारी बसवा. तुम्ही आधी एनव्हीडीए-कंट्रोल-सीने सेटिंग्ज सेव्ह करा, मग ते बटण दाबा, आणि परवानगीची खिडकी आली की त्यांनी फक्त ऍडमिनचा पासवर्ड टाकायचा. पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवलेल्या कॉपीवर हे जमत नाही.

माझं मत विचाराल तर लॉगिनसाठी ईस्पीक हा साधा यांत्रिक आवाजच ठेवा. रुक्ष वाटतो, पण एनव्हीडीएबरोबरच येतो, वेगळ्या ऍड-ऑनवर (वरून जोडायच्या पुरवणीवर) अवलंबून नाही. ऍड-ऑनमधला महागडा व्हॉइस तिथे न्यायचा हट्ट मी करणार नाही; ऍड-ऑन असतील तर सुरक्षेचा इशारा येतो आणि तो उगाच नाही. आधी ईस्पीक, वेग थोडा कमी, सेव्ह, मग बटण. नंतर आपला नेहमीचा व्हॉइस परत लावून पुन्हा सेव्ह. लॉगिनवरची प्रत जशी नेली तशीच राहते. उलट, पुढे काही बदललंत आणि ते तिथेही हवं असेल, तर बटण पुन्हा दाबावं लागेल.

एकाच वेळी दोन आवाज येत असतील तर दुसरा नॅरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर. कंट्रोल-विंडोज-एंटरने बंद होतो. कॅप्स लॉक एनव्हीडीए-की झाल्यावर खरंच कॅपिटल हवं असेल तर ती पटकन दोनदा दाबायची. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर पासवर्डआधी विंडोज-स्पेसने भाषा तपासा.

आणि ऑफिस सरकारी असेल व तरीही टोलवाटोलवी चालली, तर लेखी अर्ज द्या. मी वकील नाही, पण 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20मध्ये सरकारी आस्थापनांनी वाजवी सोयी द्याव्यात असं आहे, आणि कलम 23प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. अर्जात 'आवाज बदलून द्या' लिहू नका, 'स्वतःचा पासवर्ड स्वतः टाकता यावा' असं लिहा. माझी फाइल त्याच वाक्यावर हलली.