इंजिनिअरिंग कॉलेजं वाढल्यामुळेच पदवीधरांना नोकऱ्या मिळेनाशा झाल्या आहेत का?

अर्धं खरं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि बघता बघता पुण्याच्या चारही बाजूंना कॉलेजं उभी राहिली. पदवीधर वाढले, त्यांच्या जोगत्या जागा त्या वेगाने वाढल्या नाहीत. मग कंपन्या चाळणी लावतात: दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे ६० टक्के हवेत, बॅकलॉग (राहिलेला विषय) नको. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पूर्वी डिप्लोमावाल्याला मिळायचं ते काम आता बीई झालेला करतो, अन् पगार बऱ्याचदा डिप्लोमाचाच. खरी मेख इथे आहे.

केंद्राच्या श्रमबल पाहणीत २०२२-२३ मध्ये एकूण बेरोजगारी ३.२ टक्के होती, पदवीधरांत मात्र सुमारे १३. निरक्षरांत ती अगदीच नगण्य, कारण मनासारख्या कामाची वाट बघत बसणं त्यांना परवडतच नाही.

तरी पदवी सोडू नका, नाहीतर पहिल्याच चाळणीत गळाल. फक्त प्रवेश घेताना 'हायेस्ट पॅकेज'च्या फ्लेक्सला भुलू नका (तो एकाच मुलाचा फोटो असतो!). आपल्या शाखेतल्या किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्या मुलाला पगार किती, हे मागच्या बॅचच्या पोरांना गाठून विचारा.