परभणीत मे महिन्यात रेनकोट घालून दोरीउड्या मारल्या तर स्पर्धेआधी 3 किलो उतरतील का?

काट्यावर उतरतील, पण ती चरबी नसेल, निव्वळ पाणी असेल, आणि 42 अंशांच्या दुपारी हे करणं म्हणजे जिवाशी खेळ. मी नांदेडला पोरांना बॉक्सिंग शिकवतो. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन घेतो: एका तासात किलोभर सहज जातं आणि लिटरभर पाणी प्यायलं की परत येतं. घाम वाळला तरच अंग गार होतं. रेनकोटात तो वाळतच नाही, मग आतला ताप चढत जातो. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर असंच वजन उतरवताना गेले, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली. शिवाय हौशी बॉक्सिंगमध्ये वजन लढतीच्याच दिवशी सकाळी होतं. सुकलेलं अंग तेवढ्या वेळात भरून निघत नाही, तिसऱ्या फेरीत हात खाली येतात. तीन किलोसाठी पाच-सहा आठवडे धरा, भाकरी अर्धी करा, सराव पहाटे साडेपाचला. अगदी शेवटचा अर्धा किलो अडला तर मोठ्या खेळाडूने प्रशिक्षकासमोर थोडा घाम काढणं वेगळं. अठराच्या आतल्यांनी तेही नको, सरळ वरच्या वजनगटात खेळा.