हिमनदीच्या मागे उरलेल्या जमिनीत कर्ब किती साठतो? आधी चुना आणि दगड वजा करा

प्रश्न असा आहे: हिमनदी मागे सरकून उघड्या पडलेल्या जमिनीवर झाडं उगवली की मातीत कर्ब, म्हणजे कार्बन, किती वेगाने साठतो, आणि त्यात मुळांचा वाटा किती?

वेगाचा एकच आकडा कुणी सांगत असेल तर तो धरू नका. तो मोजला कसा, हे आधी विचारा. मी सोलापूरकडच्या काळ्या मातीत काम करतो. पण मोजणाऱ्याला इथे जे फसवतं तेच तिथेही फसवतं: चुना, दगड आणि मुळं.

मंगळवेढ्याकडे भारी रानात रब्बी ज्वारी मुळासकट उपटून काढायची रीत आहे. एका रानात दोन हंगाम ती उपटली नाही, विळ्याने कापली. धसकटं आणि मुळं जमिनीतच राहिली. सुरुवातीच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के होता, दोन वर्षांनी दुसऱ्या प्रयोगशाळेकडून १.६ टक्के आला. लगेच ‘मुळं ठेवली, कर्ब जवळजवळ चौपट’ असं जाहीर करायची घाई सुरू झाली. त्यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून हिशेब इथे मांडतो.

वरचा १५ सेंटिमीटरचा थर, घनता १.३ धरली तर हेक्टरी १,९५० टन माती. ०.४२ वरून १.६ म्हणजे हेक्टरी २३ टन कर्ब वाढला पाहिजे. वाळलेल्या मुळांत साधारण ४५ टक्के कर्ब असतो. म्हणजे दोन हंगामांत हेक्टरी पन्नास टनांवर वाळलेली मुळं पडायला हवीत, आणि त्यातला कणही कुजता कामा नये. ज्वारीकडून हे होणे नाही.

मग आकडा आला कुठून? पहिली तपासणी डायक्रोमेट या रसायनाची, म्हणजे वॉकली-ब्लॅक पद्धतीची; तिच्यात फक्त सेंद्रिय कर्ब मोजला जातो. दुसरी यंत्रात ९०० अंशांवर माती जाळून निघणारा सगळा कार्बन डायऑक्साइड मोजण्याची. या रानात मुक्त चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, १० टक्के. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात १२ टक्के कार्बन असतो, म्हणजे चुन्याचाच कार्बन १.२ टक्के. १.६ मधून तो वजा करा, ०.४ उरतो. जिथे होतो तिथेच आहोत. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले असते तरी फेस दिसला असता. मुळं रानातच ठेवावीत या मताचा मी पक्का आहे आणि म्हणूनच असा आकडा मला खपत नाही. तो उघडा पडला की लोक आकड्याबरोबर चांगली पद्धतही टाकून देतात.

आता तुमची हिमनदी. अलास्कातल्या ग्लेशियर बेमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बर्फ शंभर किलोमीटरच्या आसपास मागे गेलं आहे. वनस्पतींचे अभ्यासक कूपर यांनी १९१६ मध्ये तिथे कायमचे चौकोन आखून झाडोऱ्याच्या नोंदी सुरू केल्या. आधी जमिनीलगत पसरणाऱ्या ड्रायस झुडपाची चटई, मग आल्डरची झुडपं, मग स्प्रूस हे सूचिपर्णी झाड असा क्रम ठळक दिसतो. ताज्या हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने टाकलेल्या दगडमातीचा, सामू (pH) ८ च्या आसपास, कारण त्यात चुना आहे. आल्डरखाली काही दशकांत तो ५ च्या जवळ येतो. म्हणजे सेंद्रिय कर्ब वाढत असताना त्याच वेळी चुना विरघळून जातो आहे. एकूण कार्बन मोजणाऱ्याला वाढ कमी दिसेल किंवा दिसणारही नाही. आमच्याकडे चुन्याने आकडा फुगवला, तिथे चुना जाता जाता खरी वाढ झाकतो.

यंत्रच वापरायचं असेल तर चुना घालवायला आधी आम्लाची वाफ द्या. दळलेली माती चांदीच्या कुपीत तोलून थोडी ओली करा आणि बंद काचपात्रात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या शेजारी सहा ते आठ तास ठेवा. डोलोमाइट (मॅग्नेशियमयुक्त चुनखडी) असेल तर जास्त वेळ लागतो. कथलाची कुपी आम्लात टिकत नाही. माती आम्लात बुडवून धुऊ नका, विरघळणारा सेंद्रिय कर्ब पाण्याबरोबर जातो. डायक्रोमेट पद्धतीत चुना मोजला जात नाही, पण ती सरासरी ७७ टक्केच कर्ब पकडते, म्हणून १.३ ने गुणतात. अहवालात आधीच गुणलंय का, विचारून घ्या. माती लोखंडी खलात कुटू नका, लोखंडाचा कीस डायक्रोमेट खातो आणि कर्ब जास्त दिसतो. मातीतलं फेरस लोहही तेच करतं, म्हणून नमुना उघड्या हवेत नीट वाळू द्या. ०.१ टक्क्याच्या आसपासच्या मातीला एक ग्रॅम पुरत नाही, दोन ते पाच ग्रॅम घ्या. भट्टीत ५५० अंशांवर जाळून वजनातली घट मोजायची पद्धत इतक्या कमी कर्बाला वापरूच नका. चिकणमातीतलं बांधलेलं पाणीही त्याच घटीत जातं.

दगडांचं प्रकरण याहून वाईट. हिमोढात नळी ठोकता येत नाही, खड्डा काढावा लागतो. समजा २० बाय २० सेंटिमीटरचा, १० सेंटिमीटर खोल. आत पातळ प्लास्टिक अंथरून मापाने पाणी भरा, खरं घनफळ कळतं. इथे चार लिटर. निघालेला माल ७.२ किलो, त्यात २ मिलिमीटरच्या चाळणीखालची माती फक्त २.४ किलो. कर्ब ०.५ टक्के असेल तर खड्ड्यात १२ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ३ टन. सगळ्या मालाला ०.५ लावलात तर ९ टन. तिप्पट चूक, आणि प्रयोगशाळेची काहीही चूक नसताना.

मुळांचा वाटा. माती दळण्याआधी मुळं वेचा, नाहीतर तीच मुळं दोनदा मोजली जातात. ०.५ मिलिमीटरच्या चाळणीवर धुवा, ६५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. थोडी जाळून राखेचं वजन बघा. चिकटलेली माती त्यातच कळते आणि ती वजा करावी लागते. पण हे झालं त्या दिवशी उभं असलेलं मूळ. वर्षभरात किती मुळं आली आणि मेली, ते यातून कळत नाही. त्यासाठी २ मिलिमीटर जाळीच्या पिशवीत त्याच खड्ड्यातली मुळं काढलेली माती भरून पुरा, थंड प्रदेशात किमान पूर्ण वर्ष ठेवा आणि मग आत शिरलेली मुळं मोजा. पानांपेक्षा मुळांचा कर्ब मातीत जास्त टिकतो, यावर माझं मत ठाम आहे. २००५ मध्ये आलेल्या एका आढाव्यात मुळांचा कर्ब खोडापानांच्या तुलनेत सरासरी २.४ पट टिकतो असं निघालं होतं. आल्डरच्या किंवा हिमाचलातल्या लाहौलमधल्या छरमा या काटेरी झुडपाच्या मुळांवर फ्रँकिया या जिवाणूच्या गाठी असतात. त्या नत्र बांधतात आणि नत्राशिवाय उघड्या हिमोढावर पुढचा झाडोरा वाढतच नाही.

तरी मुळं नेहमी साठाच करतात असं नाही. मुळांतून झिरपणारा ताजा रस मिळाला की सूक्ष्मजीव जुना कर्बही खायला लागतात. स्वीडनच्या उत्तरेला भूर्जाच्या जंगलाखालच्या मातीत शेजारच्या झुडपी टुंड्राच्या मातीपेक्षा कर्ब कमी सापडला, झाडं जास्त असूनही. शिवाय हिमोढ पहिल्या दिवशी कोरा नसतो. ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीसमोर नुकत्याच उघड्या पडलेल्या मातीतले सूक्ष्मजीव फार जुना कर्ब वापरताना आढळले, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून झाडोरा नसलेल्या पट्ट्याचे नमुनेही घ्या, तिथे शून्य गृहीत धरू नका.

माझा ज्वारीचा हिशेब एका रानाचा आहे. हिमोढाचं वय, उतारावरून आलेला गाळ, मेंढ्यांची चराई, ओढ्याने पात्र बदलणं, यांतल्या कशानेही निकाल बदलेल. एकाच वयाचे दोन-तीन पट्टे तरी घ्या.

आणि अहवालावर तपासणीच्या पद्धतीचं नाव नसेल तर तो परत पाठवा. त्या १.६ टक्क्यांच्या अहवालावर ते नव्हतं.