२०२४ मध्ये काय पाहिलं, काय ऐकलं: वाचकांची पत्रं आणि माझी उत्तरं

वर्ष संपताना मागच्या अंकात विचारलं होतं, की यंदाच्या गाण्यांबद्दल आणि पिक्चरबद्दल काय बोलायचंय ते लिहून पाठवा. पत्रं भरपूर आली, सगळी छापणं जमणार नाही. बऱ्याच जणांनी नाव नको म्हणून कळवलंय, त्यामुळे फक्त गाव देतेय.

ताई, सगळे टॉप टेन काढतात. तुम्ही एकच पिक्चर सांगा आणि का तेही सांगा. 'सगळेच छान होते' असं प्लीज म्हणू नका.
*एक वाचक, डोंबिवली*

एकच तर एकच. पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. मे महिन्यात कान फेस्टिव्हलला ग्रां प्री पारितोषिक मिळालं तेव्हा पेपरात फोटो आले, तीस वर्षांनी आपला पिक्चर तिथल्या मुख्य स्पर्धेत होता म्हणून कौतुक झालं, पण आपल्याकडे थिएटरला लागायला २२ नोव्हेंबर उजाडला. मी म्हणेन उशिरा का होईना लागला ते बरंच झालं, कारण हा पिक्चर मोठ्या पडद्यावर आणि मुंबईतच बघायला हवा. सुरुवातीला रात्रीचा बाजार, भाज्यांची पोती, गर्दी, आणि त्यावर कुठून कुठून इथे आलेल्या माणसांचे आवाज, प्रत्येकाची भाषा वेगळी, चेहरे दाखवतच नाही ती. इतकी वर्षं आपण मुंबईचे पिक्चर बघतोय, त्यात टॅक्सी, मरीन ड्राइव्ह, गँगस्टर सगळं असतं, पण दिवसभर राबून शेवटच्या गाडीने घरी जाणाऱ्या बाईला खिडकीतून जी मुंबई दिसते ती मी अशी पडद्यावर कधी पाहिली नव्हती. कॅमेरामन रणबीर दासने पाऊस टिपलाय तो तर काय सांगू, ती ओलसर निळी संध्याकाळ जुलैमध्ये कुर्ल्याच्या ब्रिजवर उभं राहिलेल्या प्रत्येकाला ओळखीची वाटेल.

आणि त्यातला पियानो! ऐकल्यावर कोणाचा आहे ते शोधलंच मी. इथिओपियातल्या एक नन, एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू, जेरुसलेमच्या मठात राहायच्या, २०२३ मध्ये ९९व्या वर्षी गेल्या. त्यांचा तो अडखळत, मधेच धावत सुटणारा पियानो यातली तरुण नर्स अनु आणि तिच्या मित्राच्या मुंबईभरच्या भटकंतीवर असा बसलाय की तो मुळात आपल्या शहरासाठी वाजवला नव्हता हे पटतच नाही. वर्षभरात सगळ्यात जास्त ऐकलं असेल तर हेच.

मी परळच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' मी नवऱ्याबरोबर पाहिला. तो म्हणाला, यात काही घडतच नाही. मला मात्र दोनदा रडू आलं. माझंच काही चुकतंय का?
*एक वाचक, परळ*

तुमचं काय चुकणार, तुम्ही तर त्यातलं सगळं रोज जगता. कुठे रडू आलं ते लिहिलं नाहीत, पण एक जागा मी ओळखते असं वाटतंय, तो कुकर. यातली दुसरी नर्स प्रभा, तिचा नवरा जर्मनीत, फोन नाही, चिठ्ठी नाही, आणि एक दिवस घरी भाताचा कुकर येतो, पाठवणाऱ्याचं नाव नाही, फक्त जर्मनीत बनवल्याचा शिक्का. प्रभा तो उघडते, परत आत सारते, आणि मग रात्री एकटी असताना त्याला मिठी मारते. प्रभा झालेली कनी कुश्रुती त्या वेळी एक शब्द बोलत नाही. घडत नाही कसं, एवढ्या एका प्रसंगात त्या बाईचा अख्खा संसार घडून जातो की! ह्यांना सांगा, पुन्हा एकदा या माझ्याबरोबर, आणि या वेळी कोण काय बोलतंय त्यापेक्षा कोण काय बोलत नाहीये ते बघा.

आणि छाया कदमची पार्वती बघायला सांगा. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जेवण करणारी, चाळीत इतकी वर्षं राहिलेली, पण आपण इथे राहत होतो हे दाखवायला तिच्याकडे कागदच नाही. बिल्डरच्या होर्डिंगवर ती आणि प्रभा दगड मारतात तेव्हा माझ्या थिएटरमध्ये मागून कोणीतरी 'मार अजून एक' म्हणालं. गिरणगावात ज्यांनी ज्यांनी घरं सोडली ते सगळे त्या वेळी तिच्या बाजूने असणार.

ऑस्करला 'लापता लेडीज' गेला, तो शॉर्टलिस्टपर्यंतही पोचला नाही. दुसरा पाठवायला हवा होता ना?
*एक वाचक, मुलुंड*

हो, माझं मत तेच आहे, पायलचाच जायला हवा होता. पण त्यासाठी किरण रावच्या पिक्चरला नावं ठेवू नका. घुंगटातल्या दोन नवऱ्या गाडीत अदलाबदल होतात एवढ्या गोष्टीतून तिने किती काय सांगितलंय, आणि स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई, ती पण छाया कदमच. एकाच वर्षात हे दोन आणि वर 'मडगाव एक्सप्रेस'मधली कांचन कोंबडी! 'फँड्री', 'सैराट'पासून आपण तिला बघतोय, आई म्हणून, शेजारीण म्हणून, नेहमी फ्रेमच्या कडेला. कानला ती आईची साडी आणि नथ घालून गेली होती, तो फोटो पाहून मला झालेला आनंद घरचं कोणी पास झाल्यासारखा होता. माझ्यासाठी २०२४ हे तिचंच वर्ष.

'मंथन' आणि 'तुंबाड' परत थिएटरला लागले. तुम्ही वर्षाच्या यादीत जुने पिक्चर धरता का? माझा मित्र म्हणतो ते चीटिंग आहे.
*एक वाचक, ठाणे*

धरते आणि अगदी हट्टाने धरते. यादी काय कॅलेंडर बघून करायची असते का, यंदा आपल्याला काय भेटलं, कशाने झोप उडवली, ते लिहायचं. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा कितीजणांनी पाहिला होता? या सप्टेंबरमध्ये परत लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली, म्हणजे ज्यांना तो तेव्हा भेटला नव्हता त्यांच्यासाठी तो २०२४चाच पिक्चर ना. तो सतत पडणारा कोकणातला पाऊस मोबाईलवर बघून कळतच नाही, थिएटरमध्ये अंगावर येतो.

'मंथन' तर काय बोलावं. श्याम बेनेगलांचा १९७६चा पिक्चर, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो नव्याने स्वच्छ करून घेतला, मे महिन्यात कानला दाखवला आणि जूनच्या पहिल्या दोन दिवशी आपल्याकडे थिएटरला आणला. मी तो आधी टीव्हीवर पाहिला होता, सगळा पिवळा पडलेला, आवाज फाटलेला, त्यामुळे स्मिता पाटीलच्या चेहऱ्यावरचं ऊन मी खरं तर पहिल्यांदाच पाहिलं. प्रीती सागरच्या आवाजातलं ते गाणं सुरू झालं तेव्हा थिएटरमधले लोक बरोबर गुणगुणत होते. आणि २३ डिसेंबरला बेनेगल गेले. नव्वदी नुकतीच झाली होती. ज्या वर्षी त्यांचा पिक्चर परत उजळला त्याच वर्षी ते गेले, आता ही यादी त्याच्याशिवाय कशी करायची तुम्हीच सांगा. मित्राला म्हणावं, ताई ऐकत नाही.

नातवंडं 'गुलाबी साडी'वर घर डोक्यावर घेतात. आम्ही बाबूजींच्या गाण्यांवर वाढलो. यात आवडण्यासारखं काय आहे, समजावून सांगाल का?
*एक आजोबा, गिरगाव*

आजोबा, प्रयत्न करते. संजू राठोड हा जळगावकडचा मुलगा, त्याने हे गाणं फेब्रुवारीत काढलं आणि लग्नाच्या वरातीपासून गणपतीपर्यंत सगळीकडे तेच. मला त्यातलं आवडतं ते म्हणजे त्याला कसलाच संकोच नाहीये. आपली मुलं नाचायला पंजाबी नाहीतर इंग्रजी गाणं लावायची, आणि आता बंगलोर-दिल्लीची मुलं मराठी शब्दांवर नाचतायत, अर्थ कळो न कळो. चाल सोपी आहे, ठेका पायात बसतो, बायको नटून फोटो काढायला सांगतेय एवढीच गोष्ट, पण ती लाडाने सांगितलीय.

बाबूजींशी त्याची तुलना नकोच. उलट असं करा, त्यांच्यावरचा 'स्वरगंधर्व सुधीर फडके' यंदा १ मेला आला, सुनील बर्वे आहेत त्यात, तो नातवंडांना जवळ बसवून दाखवा आणि १९५५ साली रेडिओवर दर आठवड्याला नवं गीतरामायण ऐकायला लोक कसे थांबायचे ते तुम्ही स्वतः सांगा. त्याबदल्यात एकदा त्यांच्याबरोबर नाचा.

झाकीरभाई गेल्यापासून त्यांचे व्हिडिओ बघतोय, पण मला तबल्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठून सुरुवात करू?
*एक विद्यार्थी, विलेपार्ले*

१५ डिसेंबर हा दिवस आपण मुंबईकर विसरणार नाही. गेले सॅन फ्रान्सिस्कोला, पण मुलगा माहीमचा होता. तू व्हिडिओ बघतोयस ना, मग थोडे दिवस बघणं बंद कर आणि नुसतं ऐक, कारण त्यांचे केस आणि ते हसू बघता बघता हातांकडे लक्षच जात नाही.

पहिले तीनताल पकड. १६ मात्रा, चार-चारचे चार भाग. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यायची, नवव्याला हात नुसता बाजूला न्यायचा, ती खाली. आता कानाने काय धरायचं सांगते, डावीकडचा डग्गा घुमतोय ना तो मधेच, 'तिं तिं ता' आलं की गप्प होतो. तो गप्प झाला म्हणजे पुढची सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा, फार लांब नाही हे कळतं, आणि एकदा का समेवर आपोआप मान हलली की बाकीचं शिकवायला कोणी लागत नाही. बोटांचा वेग हे नंतरचं, वेगाने टाळ्या मिळतात, पण झाकीरभाईंची खरी कमाल मला साथीत दिसते. पुढे बासरी असेल तर तबला बोटभर मागे, गाणारा दमला की त्याला श्वास घ्यायला जागा, आणि गंमत सुचली की अशी टाकायची की समोरचा कलाकारच हसायला लागेल.

यंदा फेब्रुवारीत त्यांना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाली, त्यातलेच दोन अल्बम घे. 'अ‍ॅज वी स्पीक'मध्ये बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा बास आणि आपल्या राकेश चौरसियाची बासरी. 'धिस मोमेंट' हा शक्ती या बँडचा, गिटारवाल्या जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर, त्यात चेंबूरचे शंकर महादेवन गातात. तो आवडला की १९७६चा शक्तीचा पहिला अल्बम ऐक, त्यात घटम वाजवणारे विक्कू विनायकराम, आणि 'धिस मोमेंट'मध्ये कंजिरा वाजवतो तो त्यांचा मुलगा सेल्वागणेश. बाप आणि मुलगा, दोघांबरोबर एकच तबला!

मल्याळम पिक्चरचं सगळे कौतुक करतात. एकच बघायचा तर?
*एक वाचक, घाटकोपर*

'मंजुम्मल बॉईज'. २००६ मध्ये कोडाईकनालला खरंच घडलेली गोष्ट, मित्रांचा ग्रुप फिरायला जातो आणि एकजण गुहेतल्या खोल खड्ड्यात पडतो. १९९१च्या एका कमल हासनच्या पिक्चरमधलं इलैयाराजाचं गाणं त्यात परत येतं, प्रेमाचं गाणं, पण ते कुठल्या क्षणी येतं ते सांगत नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. सबटायटल लावा, डब केलेला नको.

मराठी पिक्चर लागतो कधी आणि उतरतो कधी कळतच नाही. यंदाचा कोणता चुकवायला नको होता?
*एक वाचक, कल्याण*

'पाणी'. आदिनाथ कोठारेचा, नांदेडकडच्या गावात पाणी आणायला झटणाऱ्या हणमंत केंद्रेंची खरी गोष्ट. याला पर्यावरणावरचा राष्ट्रीय पुरस्कार कधी जाहीर झाला होता माहितीये? २०१९ मध्ये! आणि लोकांसमोर आला १८ ऑक्टोबर २०२४ला. एवढं थांबून आलेल्या पिक्चरला सकाळी साडेनऊचा शो दिला तर नोकरी करणाऱ्या माणसाने जायचं कसं, याचा मला फार राग येतो. आपण एवढंच करू शकतो की पहिल्याच शनिवार-रविवारी जायचं, 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हटलं की गेलाच तो.

आईचं वय झालंय, हल्ली दिसतं कमी, पिक्चर बघता येत नाही. पूर्वी गाणं शिकायची. तिला यंदाचं काय ऐकवू?
*एक वाचक, बोरिवली*

यंदाचं नवं नको, यंदा जे आपल्यातून गेले त्यांचं ऐकवा. ९ जानेवारीला शास्त्रीय गायक राशीद खान गेले, फक्त पंचावन्न वर्षांचे, आणि चारच दिवसांनी, १३ला, पुण्यात प्रभाताई अत्रे. आई गाणं शिकलेली आहे म्हणताय तर प्रभाताईंचा मारुबिहाग राग त्यांनी नक्की ऐकला असेल, 'जागू मैं सारी रैना', आणि कलावतीतलं 'तन मन धन'. आधी कलावती लावा, सकाळी घाईत नको, संध्याकाळी सगळं आवरल्यावर. त्यातली सरगम प्रभाताई अशी घेतात की प्रत्येक स्वर अगदी स्वच्छ ऐकू येतो, आईंना बरोबर म्हणावंसं वाटलं तर म्हणू द्या, आणि तुम्हीही म्हणा. मग राशीद खानांचा यमन, पूर्ण, अगदी संथ विलंबितापासून, दहा मिनिटांचा तुकडा नको. फोनच्या स्पीकरवर तानपुरा नीट ऐकू येत नाही, तेवढा एक बरा स्पीकर घरी आणाच.